शेतात छोटं विमान पडलं तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं

लातूर, नांदेड, धाराशिव, संभाजीनगर, आपल्याकडं धावपट्टी संपली की पुढं रानंच लागतात, त्यामुळं टेकऑफ झाल्या झाल्या इंजिन गेलं तर ते विमान कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये नाहीतर उसात येणार आणि फायर ब्रिगेडच्या आधी तिथं शेतकरीच पोचणार. म्हणून धावपट्टीजवळ रान असलेल्या प्रत्येकानं हे वाचा, घरच्यांनाही सांगा.

पहिलं म्हणजे पायलटवर ओरडू नका. मागं वळून धावपट्टीवर का नाही आणलं असं सगळेच विचारतात. सेसना १७२ सारखं एका इंजिनाचं छोटं विमान इंजिन बंद झाल्यावर दगडासारखं पडत नाही, एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढं सरकतं. पण तीन-चारशे फुटांवर इंजिन गेलं तर मागं वळायला तेवढी उंचीच नसते, घाईत जोरात वळवलं की पंखांना उचल मिळत नाही, त्याला स्टॉल म्हणतात, मग विमान नाकावर आदळतं आणि त्यातून माणूस वाचणं लई अवघड. म्हणून शिकवतानाच सांगतात की नाक खाली घे, स्पीड टिकव, समोर मोकळं दिसेल तिथं उतरव. त्यात लातूरची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फुटांवर, आणि मे महिन्यात पारा चाळीशीपार गेला की हवा विरळ होते, विमान हळू चढतं, म्हणजे पायलटच्या हातात उंची अजूनच कमी.

आता तुमचं काम. एकानं लगेच ११२ लावायचा, १०८ ला पण सांगायचं. नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, कोणता फाटा, कुठल्या पाणंदीनं गाडी आत येईल, चिखल आहे का ते सांगा आणि एका पोराला मोटारसायकलवर फाट्यावर उभं करा, अँब्युलन्स रस्ता शोधत फिरण्यातच वेळ जातो.

पळत सुटायच्या आधी तारा बघा. २०१७ च्या मे महिन्यात निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं तेव्हा ते तारांमध्येच अडकलं होतं, नशिबानं सगळे वाचले. तार तुटून पडली असेल तर लाइनमनला फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणालाच पुढं जाऊ देऊ नका.

जाताना वारा पाठीवर घेऊन जा, विमानाच्या नाकासमोरून जाऊ नका. नाकावरचा पंखा म्हणजे प्रोपेलर थांबलेला दिसला तरी हात लावायचा नाही, इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो चालू राहिला असेल तर नुसता हलवल्यावरही तो फिरू शकतो. अशा बऱ्याच विमानांत पेट्रोल पंखांतच भरलेलं असतं, सेसनात तर दोनशे लिटरच्या आसपास, तेव्हा बिडी-सिगारेट बंद, ट्रॅक्टर आणि गाड्या लांब. खाली पाचट असेल तर जास्तच जपा. काही विमानांत आख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं आणि ते रॉकेटनं उडतं, तसं स्टिकर दिसलं तर त्या भागापुढं उभं राहू नका.

आग नसेल तर आतल्या माणसाला ओढू नका. मान मोडलेली असू शकते, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बोलत राहा. बेशुद्ध किंवा जास्त लागलेल्याला पाणी पाजू नका, आपल्याकडं पहिलं तेच करतात म्हणून मुद्दाम लिहितोय. पायलट शुद्धीवर असेल तर मास्टर स्विच म्हणजे विजेचं मुख्य बटण आणि पेट्रोल बंद केलं का हे त्यालाच विचारा. आग लागायला लागली असेल तर मात्र मान-बिन बघू नका, बाहेर काढा, बेल्टची लोखंडी पट्टी बहुतेक विमानांत वर उचलली की सुटते, नाही सुटली तर विळ्यानं कापा. पावसात काळ्या रानात चाकं रुतून विमान उलटं होतं आणि माणसं बेल्टला लटकून राहतात, तेव्हा आधी खांद्याला आधार द्या, मग बेल्ट सोडा, नाहीतर माणूस डोक्यावर पडतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, तेल काही लावायचं नाही.

माणसं बाहेर निघाली की विमानाच्या कुठल्याच तुकड्याला हात लावू नका, आठवण म्हणून तर अजिबात घरी नेऊ नका. तपास दिल्लीच्या एएआयबीकडं, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेकडं असतो आणि २०१७ च्या नियमांनुसार माणसं वाचवणं, आग विझवणं असली कामं सोडून परवानगीशिवाय काही हलवता येत नाही. जखमींचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, त्यांच्या घरी अजून कळलेलं नसतं. तुमचं ऐकलेलं मात्र तपासाला कामाचं असतं, कारण पेट्रोलमध्ये पाणी, पेट्रोल संपणं, इंजिनातला बिघाड, कारण काहीही निघू शकतं. आवाज फटफट करत बंद झाला की एकदम, धूर होता का, पंखा फिरत होता का, विमान कुठल्या बाजूनं आलं, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा आणि तपासवाले आले की दुसऱ्याचं ऐकलेलं न मिसळता तेवढंच सांगा.