पुण्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे फोटो कसे काढावेत

जर्मन बेकरीतला स्फोट (१३ फेब्रुवारी २०१०) आणि जंगली महाराज रस्त्यावरची स्फोटमालिका (१ ऑगस्ट २०१२) झाल्यावर शहरात चौकाचौकांत कॅमेरे लागले. पुढे दुकानांनी, सोसायट्यांनी आपापले लावले. त्यांची गरज मी नाकारत नाही. पण जो कॅमेरा रोज आपल्याला बघतो, तो कुठे आहे आणि कुणाचा आहे, हे आपल्यालाही ठाऊक हवं. फोटो काढायला लागलं की ते दिसू लागतं. साधा फोन पुरतो.

१. पहिल्या दिवशी फोन खिशातच राहू द्या. एकच रस्ता घ्या आणि मान वर करून चाला. नळीसारखा लांबट तो बुलेट, एकाच दिशेला बघणारा. घुमटासारखा तो डोम. काळ्या काचेआड भिंग कुठे वळलंय, ते खालून कळत नाही.

२. मागे पांढरं आभाळ असेल तर कॅमेरा नुसता काळा ठिपका येतो. स्क्रीनवर कॅमेऱ्यावरच बोट टेकवा, उजेड जुळवून घ्या. लक्ष्मी रस्त्यावर सकाळी आठच्या सुमारास अलका चौकाकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं.

३. प्रत्येक कॅमेऱ्याचे तीन फोटो काढा. एक जवळून. दुसरा लांबून, म्हणजे भिंत, पाटी, वायर सगळं येईल. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: कॅमेऱ्याखाली त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि त्याच्या समोरचं टिपा. दुकानाच्या गल्ल्यासाठी लावलेला कॅमेरा समोरच्या घराच्या खिडकीवर रोखलेला आहे, हे मला असंच कळलं.

४. रात्री एक फेरी मारा. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्यांतून इन्फ्रारेड प्रकाश निघतो. डोळ्यांना तो फार तर मंद लालसर दिसतो, पण बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा झळकतो. कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी. नीट पाहिलंत तर भिंगावरचं जाळंही फोटोत येईल.

५. लष्करी हद्द, लोहगाव विमानतळाचा परिसर, येरवडा कारागृह इथे फोन काढूच नका. बँक आणि एटीएमही सोडा.

६. कुणीतरी हटकणारच: "काय हो, कसले फोटो काढताय?" लपवू नका. "काका, या कॅमेऱ्याचा काढतोय, बघा ना," म्हणून फोन त्यांच्यापुढे धरा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलं. तो हक्क त्या काकांनाही आहे.

७. घरी आल्यावर वहीत तारीख, जागा, प्रकार, दिशा लिहा. "आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात" अशी पाटी होती की नव्हती, तेही टिपा. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर असे कॅमेरे नोंदवता येतात. रस्त्यावरचे तिथे जरूर घाला. फोटो कुणाला पाठवायचे असतील तर आधी चेहरे आणि गाड्यांचे नंबर झाका.

माझा सगळ्यात आवडता फोटो एका जुन्या वाड्यातला आहे. काळवंडलेल्या सागवानी तुळईवर नवा कोरा पांढरा डोम, आणि खाली उंबऱ्याशी काढलेल्या लहानमोठ्या चपला. घरात कितीजण राहतात, ते त्या चपलांवरून मोजता येतं. तो मी कुणाला पाठवलेला नाही.