मेंदूविज्ञानात पीएचडी करायचीय, पण शाखा वेगळी? या चुका टाळा

सोलापुरात इंजिनिअरिंग किंवा फिजिक्स करून मेंदूविज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांची सर्वांत महाग पडणारी चूक एकच: मूळ विषय लपवणं. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी वेगळ्या शाखेच्या मुलांनाही प्रवेश मिळतो. पण मुलाखतीत आधी तुमचाच विषय विचारतात.

इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मुलाने मेंदूच्या भागांची नावं घोकून पाठ केली. मुलाखतीत फळ्यावर रेझिस्टर-कपॅसिटर काढून टाइम कॉन्स्टंट (रोध गुणिले धारिता) विचारला. सूत्र आलं. मग म्हणाले, पेशीच्या पटलाचा रोध १०० मेगाओहम, धारिता १०० पिकोफॅरड, आता सांगा. तिथे गाडी अडली. उत्तर १० मिलिसेकंद. पटल म्हणजे कपॅसिटर, त्यातले आयन चॅनल, म्हणजे आयन ये-जा करतात ती छिद्रं, हा रोध. सर्किटच्या पहिल्या धड्यातला गुणाकार होता तो. म्हणून आपल्या विषयातले तीन धडे इतके पक्के करा की कुणीही कुठूनही विचारावं. सोबत चेतापेशीच्या विद्युत आवेगाचा आलेख न बघता काढता यायलाच हवा: सुरुवात उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास, सोडियम आत शिरतं तशी चढण, पोटॅशियम बाहेर पडतं तशी उतरण.

ऑनलाइन सर्टिफिकेटांची चळत लावणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा ओपनन्यूरो या मेंदूच्या डेटाच्या खुल्या साइटवरून ईईजीचा (डोक्यावरून नोंदवलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींचा) एक मोफत डेटासेट घ्या, एमएनई-पायथन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि एकच आलेख स्वतः काढा. इथेही घाई नडते. नोंदीत मिसळणारी विजेची गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. तिकडच्या डेटावर ५० चा नॉच फिल्टर (एकच वारंवारता गाळणारा) लावला तर खरा गोंगाट तसाच राहतो. फिल्टरच्या आधी पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे त्याचा आलेख, काढा, गुणगुणीचं टोक कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. मुलाखतीत यावर दहा मिनिटं बोलता येतं.

शिफारसपत्र विभागप्रमुखांकडून नको, ज्यांनी प्रोजेक्ट करून घेतला त्या सरांकडून किंवा मॅडमकडून घ्या; आणि महिनाभर आधी सांगा.

एकच ईमेल चाळीस प्राध्यापकांना पाठवू नका. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारा.

जाहिरातीतली पात्रता शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बीईनंतर थेट चालतं की एमएस्सीच लागते, गेट चालते की नेट-जेआरएफच हवं, हे संस्थेगणिक बदलतं. फी भरायच्या आधी बघा.