ट्रॅकसाठी लेदर सूट घेताय? अंगाला नीट बसतोय का, हे असं तपासा

दुकानात आरशासमोर ताठ उभं राहिल्यावर जो लेदर सूट ऐसपैस वाटतो, तो बहुतेक वेळा ट्रॅकसाठी मोठा असतो. रेसिंगचा वन-पीस सूट बाईकवर बसलेल्या माणसाच्या बेताने कापलेला असतो: गुडघे दुमडलेले, पाठ पुढे झुकलेली, हात क्लिप-ऑनवर (खाली बसवलेल्या आखूड हँडलवर). म्हणून उभं राहिलं की तो खांद्यांना आणि जांघेत ओढतो. ट्रॅक डेला (हौशी रायडर आपली बाईक रेस ट्रॅकवर पळवतात तो दिवस) पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत बाईक उभ्या करायच्या आवारात, चांगले चांगले रायडर कुबड काढून, पाय फाकवून चालताना दिसतात. त्यांचे सूट बरोबर मापाचे आहेत.

आपल्याकडे कपडे जरा वाढत्या अंगाचे घ्यायची सवय आहे. सुटाच्या बाबतीत ती शब्दशः अंगाशी येते. बाईक घसरली की सुटाचं काम दोन प्रकारचं: कातड्याने घासणं सोसायचं आणि आतल्या आर्मरने (संरक्षक पॅडने) आपटणं. बाही सैल असेल तर पहिल्याच झटक्यात ती फिरते, कोपराचं आर्मर बाजूला सरकतं आणि हाड उघडं पडतं. ढगळ कातड्याच्या घड्या डांबरावर अडकतात. मग नुसतं घसरत जाण्याऐवजी माणूस कोलांट्या खायला लागतो, आणि हाडं मोडतात ती बहुधा त्यातच. लाखभराचा इटालियन सूट ढगळ असेल, तर निम्म्या किमतीचा पण अंगाबरोबर बसणारा देशी सूट मी केव्हाही वर धरेन.

१. आधी टेप, मग दुकान

जीन्सवरचा ३२ किंवा ३४ आकडा विसरून जा. कंपन्या तो सढळ हाताने छापतात. पातळ बनियन घालून दुसऱ्या कुणाकडून तरी मापं घ्या. स्वतःच स्वतःची मापं घेताना हात वर जातो आणि छाती बदलते. छाती काखेखालून सर्वात भरलेल्या जागी, कंबर बेंबीच्या रेषेत (पँट जिथे बांधता तिथे नाही), नितंब, मांडीचा सर्वात जाड भाग, पोटरी, दंड, आणि कोपर वाकवून खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी.

एक माप मात्र जवळजवळ कुणीच घेत नाही आणि वन-पीसमध्ये तेच सगळ्यात जास्त नडतं: धडाची लांबी. गळ्याखालच्या खळगीपासून टेप पोटावरून जांघेत आणि तिथून मागे पाठीवरून मानेच्या मणक्यापर्यंत न्यायची. दोन माणसांची छाती सारखीच ४० इंच, उंचीही सारखी, पण एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब, अशी उदाहरणं हवी तेवढी सापडतील. दुसऱ्याला तोच सूट दहा मिनिटंसुद्धा सहन होणार नाही.

युरोपियन साईझ साधारण छातीच्या सेंटिमीटरमधल्या मापाच्या निम्मी असते. छाती १०० सेंमी, तर ५० नंबर. त्यातून १० वजा केले की अमेरिकन साईझ, म्हणजे ४०. पण ही फक्त सुरुवात. इटालियन कट रुंद खांद्यांचा आणि बारीक कमरेचा असतो. आपल्या पोटाचा घेर छातीच्या जवळपास पोचला असेल, तर छातीला ५० आणि पोटाला ५४ असा तिढा पडतो. अशा वेळी पोटाच्या हिशोबाने मोठा सूट घेऊ नका, कारण खांदे आणि कोपरं सैल पडतील. दुसऱ्या ब्रँडचा कट बघा, काहींत आखूड आणि लांब धडाच्या वेगळ्या साईझ मिळतात त्या मागा, किंवा सरळ मापाचा सूट शिवून घ्या. बाईकस्वार मुलींनी बायकांच्या कटचाच सूट शोधावा. पुरुषांचा छोटा नंबर खांद्यांना मोठा आणि नितंबांना घट्ट होतो. दुकानदार 'युनिसेक्स आहे मॅडम' म्हणाला तरी टेप काढायचीच.

२. घालायचा कसा

यालाही पद्धत आहे, नाहीतर योग्य मापाचा सूटही छोटा वाटतो. ट्रॅकवर आत जे घालणार तेच घालून जा: अंगासरशी बेस लेअर, बॅक प्रोटेक्टर, चेस्ट प्रोटेक्टर. एअरबॅग व्हेस्ट (पडताना फुगणारी बंडी) असेल किंवा वर्षभरात घ्यायचा विचार असेल, तर तीही आज हवी. मोटोजीपीत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे आणि आता हौशी रायडरही ती वापरू लागलेत. व्हेस्टला फुगायला छातीत जागा लागते. व्हेस्टशिवाय घट्ट बसणारा सूट व्हेस्टसकट चालेलच असं नाही.

बाकावर बसा, पाय आत घाला, आणि गुडघ्याचं आर्मर वाटीवर येईपर्यंत सूट वर ओढा. ते बसलं की उभं राहून नितंबांवर चढवा, दोन-तीन उठाबशा काढा. मग एक हात, मग खांदा पाडून दुसरा. चेन लावताना पुढे वाका. नव्या सुटाला एका मदतनिसाचा हात लागला तर ठीक. पण दोघंजण ओढतायत आणि तुम्ही श्वास रोखून उभे आहात, असं असेल तर तो सूट तुमचा नाही.

३. बाईकवर बसा

खरी परीक्षा इथे होते, आणि दुकानात हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. एका दुकानात वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा सूट घालून आरशासमोर उभा होता. काउंटरवरचे काका म्हणाले, "एक नंबर बसलाय बघ." दिसतही होता तसाच, अगदी पोस्टरसारखा. बाहेर त्याचीच बाईक उभी होती. बसून हँडल धरलं तर दोन्ही बाह्या मनगटाच्या हाडापासून चार बोटं मागे सरकल्या, कोपराचं आर्मर दंडाकडे चढलं आणि कॉलर गळ्यात रुतली. धडाला आखूड! तोच नंबर, पण लांब धडाचा सूट काकांनीच आतून काढून दिला. त्यांनी हटकलं नव्हतं इतकंच.

तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा की बाईकवर बसून बघायचं आहे. आत पॅडॉक स्टँडवर (बाईक सरळ उभी धरणाऱ्या स्टँडवर) डिस्प्लेची बाईक असेल तर उत्तम, नाहीतर स्वतःची. हेल्मेट, ग्लोव्हज, बूटही बरोबर न्या. आता घाई न करता एकेक गोष्ट बघायची.

आधी टाकीवर छाती टेकून पूर्ण टकमध्ये जा. सुटाच्या पाठीवरचा हंप (उंचवटा) हेल्मेटला मागून टेकून डोकं खाली दाबतो का? समोर लांब दिसतं का, की फक्त मीटरच दिसतो? तसंच वाकून खोल श्वास घ्या. घेता येत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये काय होईल याचा विचार करा. मग नितंब सीटवरून अर्धं बाहेर काढून एका बाजूला लटका, आतला गुडघा उघडा, नजर वळणाच्या पुढे. नंतर दुसऱ्या बाजूला. जांघेतला स्ट्रेच पॅनेल इथे कामाला येतो. तो आखूड पडला तर गुडघा उघडतच नाही आणि तुम्ही बाईक कमी, सूट जास्त ओढत बसता.

आता कुणाला तरी तुमच्या कोपराचं आर्मर बाहेरून धरून पिळायला सांगा. कातडं किंचित हलेल, पण आर्मर कोपरावरून उतरता कामा नये. खांद्याला, गुडघ्याला आणि नितंबाच्या बाजूलाही तेच. गुडघा दुमडलेला असताना कप वाटीवर आणि तिच्याखाली नडगीवर यायला हवा. मांडीला आणि दंडाला चिमटा काढून बघा. मूठभर कातडं हातात येत असेल तर एक नंबर उतरा.

फोअरआर्मकडे (कोपर ते मनगट) खास लक्ष द्या. तिथे सूट काचत असेल तर दहा मिनिटांत बोटं जड होतात, ब्रेकचा अंदाज जातो, आणि आपण दोष देतो ग्रिपला. म्हणून बाईकवर दहा मिनिटं खरंच बसा. दुकानदार बघत राहील. बघू दे.

शेवटी टोकं: बाही मनगटाचं हाड झाकून ग्लोव्हच्या आत जावी आणि वरून ग्लोव्हचा पट्टा बसावा. पोटरीची चेन बुटाबरोबर बंद व्हावी. नी स्लायडरची (वळणात जमिनीला घासणाऱ्या गुडघ्यावरच्या तुकड्याची) व्हेल्क्रोची जागा तुमचा गुडघा जिथे जमिनीला लागेल तिथे आहे का, हेही लटकलेल्या स्थितीतच कळतं.

४. घट्टपणा कोणता सैलावतो

'लेदर आहे, होईल सैल' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. अर्धं खरं आहे. मांडी, पाठ, दंड इथे कातडं घेरात थोडं सैलावतं आणि काही सेशन्समध्ये अंगाचा आकार घेतं. लांबीला ते काही वाढत नाही. धड आखूड, बाही आखूड, जांघेत रुततंय, बोटं बधिर होतायत, असं असेल तर हा सूट सोडा.

५. लेबल आणि शिलाई

माप जमल्यावरच इकडे वळा. युरोपच्या ईएन १७०९२ मानकात कपड्यांच्या श्रेणी असतात आणि ट्रॅकसाठी एएए बघावी. तिच्या चाचणीत सर्वात धोक्याच्या जागचं कातडं ताशी १२० किमी वेगाचं घासणं सोसतं, एएला तीच मर्यादा ७० ची. आर्मरवर ईएन १६२१ आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं असतं. पाठीच्या प्रोटेक्टरमधून आरपार जाणारा सरासरी धक्का लेव्हल १ ला १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ ला ९ पर्यंत. सुटाच्या पाठीत आलेला फोमचा तुकडा म्हणजे प्रोटेक्टर नव्हे. तो बहुतेकदा वेगळा घ्यावा लागतो.

गाईचं कातडं साधारण १.२ ते १.४ मिमी जाड असतं. कांगारूचं त्याहून पातळ आणि हलकं असून मजबूत, पण महाग. छाती-मांड्यांवर भोकं असलेला सूट घ्या. महाराष्ट्रातल्या रायडरला ट्रॅकसाठी बहुधा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचं कारी गाठावं लागतं, आणि तिथल्या दुपारी बंद कातड्यात माणूस उकडून निघतो. टू-पीस घेणार असाल तर कमरेची चेन पूर्ण गोल फिरणारी हवी. अर्ध्या चेनचा सूट बरेच आयोजक पिट लेनमध्येच (ट्रॅकवर उतरायच्या वाटेवर) अडवतात, त्यामुळे आधी त्यांचे नियम वाचा.

६. शिवून घेताना, ऑनलाइन आणि जुना घेताना

मापाचा सूट शिवून देणारे मापांचा लांबलचक फॉर्म पाठवतात. तो टक पोझमधल्या फोटोसकट भरा आणि आत काय घालणार तेही लिहा. धारावीत कातड्याचं काम करणारे कसबी हात आहेत. तरी बॅगा-जॅकेटं शिवणं वेगळं आणि घसरगुंडीत न उसवणारी दुहेरी-तिहेरी शिलाई वेगळी. पूर्वी केलेला रेसिंग सूट दाखवा म्हणा. बाही कमी करण्यासारखी दुरुस्तीही असाच माणूस करू शकतो.

ऑनलाइन घेतलात तर टॅग न काढता घरीच, पार्किंगमधल्या बाईकवर, वर दिलेलं सगळं करून बघा. परतीचा खर्च कुणाचा हे आधीच विचारून ठेवा. जुन्या सुटात स्लायडर घासलेले असले तरी चालतात. शिवण घासलेली, कातडं कडक होऊन तडकलेलं किंवा आर्मर गायब असेल तर नको. शिवाय तो आधीच्या मालकाच्या अंगावर बसलेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

सूट रुंद खांद्यांच्या हँगरवर, सावलीत टांगा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवला तर बुरशी नक्की, म्हणून अधूनमधून बाहेर काढा. ट्रॅक डेची फी भरण्याआधी एकदा सगळं चढवून बाईकवर बसा. गणपती-दिवाळीनंतर चेन अडू लागते, आणि दोष लेदर आखडल्याला दिला जातो. पंधरा दिवस हाताशी असतील तर काहीतरी करता येतं. पॅडॉकमध्ये सकाळी सात वाजता कळलं तर उसना सूट शोधत फिरावं लागतं.