लेहच्या थंडीत धावताना कपडे कसे निवडावेत

लडाख मॅरेथॉनसाठी दर वर्षी पुण्या-मुंबईचे धावपटू लेहला जातात आणि आपल्याकडच्या हिवाळ्यातले सरावाचे कपडे तिथे पुरे पडतील, असे त्यांतल्या काहींना वाटते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ आणि कोरडी असल्यामुळे सूर्य वर आला की ऊन चटके देते आणि तोच ढगाआड गेला की त्याच जागी अंगावर काटा येतो. म्हणून पहाटेच्या तापमानाचा एकच आकडा पाहून कपडे ठरवू नयेत.

धावताना शरीर भरपूर उष्णता निर्माण करते, त्यामुळे तापमान प्रत्यक्षापेक्षा आठ-दहा अंशांनी अधिक आहे असे धरून कपडे घालावेत. शर्यत सुरू होण्यापूर्वी उभे असताना थोडे कुडकुडायला झाले, तर निवड बरोबर आहे असे समजावे. तेवढ्या वेळापुरता एखादा जुना स्वेटर अंगावर असू द्यावा आणि निघताना तो सोबतच्या माणसाकडे द्यावा.

अंगालगतच्या कपड्याबाबत मात्र तडजोड करू नये. सुती बनियन घाम शोषते आणि धरून ठेवते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे वेग मंदावताच तीच बनियन अंग गारठवू लागते. पॉलिएस्टर लवकर वाळते, तर मेरिनो लोकर वाळायला वेळ घेते, पण ओली असतानाही बरीच ऊब राखते. आपला टी-शर्ट घरीच पारखता येतो: तो भिजवून घट्ट पिळावा, सावलीत टांगावा आणि तासाभराने काखेतली शिवण व गळपट्टी बोटांनी चाचपावी. तिथे दमटपणा लागला, तर तो टी-शर्ट लेहला नेऊ नये.

खरा प्रश्न वाऱ्याचा असतो. तापमान ५ अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला, तर उघड्या त्वचेला ते शून्य अंशासारखे जाणवते. त्यासाठी मुठीत मावेल असा पातळ विंडचीटर कमरेच्या पट्ट्यात कायम ठेवावा. त्याची चेन पुढून पूर्ण उघडणारी असावी, म्हणजे चढावर ती उघडून घाम वाळवता येतो. चेनच्या टोकाला जाड दोऱ्याचा फास बांधावा, कारण बोटे बधिर झाली की इवलीशी पट्टी पकडता येत नाही. विंडचीटर हुडहुडी भरण्याआधीच, म्हणजे चढ संपून उतार लागतानाच अंगावर चढवावा.

हे मी आग्रहाने लिहितो, कारण २२ मे २०२१ रोजी चीनच्या कान्सू प्रांतातल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ धावपटूंचा मृत्यू झाला. त्यांच्यात अत्यंत अनुभवी धावपटूही होते. अनेकांच्या अंगावर केवळ शॉर्ट्स आणि पातळ टी-शर्ट होते.

लडाखमधली ७२ किलोमीटरची खारदुंग ला शर्यत ५,३०० मीटरपेक्षा उंच खिंडीतून जाते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते, म्हणजे खिंडीत लेहपेक्षा सुमारे १२ अंशांनी अधिक थंडी असू शकते. तिथे पायांत पूर्ण लांबीची टाइट्स, जाड हातमोजे आणि मधला एक उबदार थर हवाच. लेहमधल्या कमी अंतराच्या शर्यतींना पातळ हातमोजे व कानांवर ओढता येईल असा बफ (गळ्यात घालायची ताणली जाणारी कापडी नळी) बहुधा पुरतो, आणि ऊन चढले की दोन्ही खिशात जातात.

शर्यत संपल्यावर शरीर झपाट्याने निवते. पिशवीत सर्वांत वर कोरडा टी-शर्ट आणि टोपी ठेवावी. आधी ओला कपडा काढावा, अंग पुसावे आणि मगच जाकीट घालावे. ओल्या कपड्यावर चढवलेले जाकीट ओल आतच कोंडून ठेवते.