घरातलं माणूस गेल्यावर हॅरी पॉटर पुन्हा वाचायचा असेल तर

पोथीकडे हात जात नाही, पण शाळेत असताना पारायणं केलेला हॅरी पॉटर मात्र कपाटातून खाली काढावासा वाटतो. जरूर काढा. फक्त पहिल्या भागापासून सलग सुरू करू नका. पाचवा भाग एकटाच साडेसातशे पानांच्या वर आहे. मन थाऱ्यावर नसताना तिथे गाडी अडते आणि 'आता हेही जमत नाही' ही एक खंत वाढते.

सुतकात घाई नको. बऱ्याच घरांत त्या दिवसांत संध्याकाळी गरुडपुराण लावतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळ अंगावर यायला लागली की सुरुवात करा. आठवड्याला एकच प्रकरण घ्या. मोठ्याने वाचायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. पुढे दिलेले क्रमांक मूळ इंग्रजी पुस्तकांतले आहेत. मराठी अनुवाद वाचत असाल तर प्रसंगावरून प्रकरण शोधा.

पहिल्या भागातलं (१९९७) १२वं प्रकरण आधी वाचा. हॅरीला आरशात मेलेले आई-वडील दिसतात आणि तो रोज रात्री तिथे जाऊन बसतो. गेलेल्या माणसाचे व्हॉट्सॲपवरचे आवाज पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याला हे प्रकरण लगेच कळतं. मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला रागावत नाही, पण आरसा हलवतो. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या भागातलं १२वं घ्या. माणसातला आनंद शोषणारे डिमेंटर जवळ आले की हॅरीला आईचा शेवटचा आक्रोश ऐकू येतो. त्यांना परतवून लावायचा मंत्र तो शिकतोय खरा, पण तोच आवाज पुन्हा ऐकावा असंही त्याला वाटतं. लेखिका रोलिंगबाईंनी स्वतःच्या नैराश्यावरून हे डिमेंटर घडवले, हे त्यांनीच सांगितलंय.

मग थेट सातव्या भागातलं (२००७) २४वं. हॅरीला वाचवताना मेलेल्या डॉबीची कबर तो जादू न वापरता, फावड्याने, हाताला फोड येईपर्यंत खणतो. विधी कशासाठी करायचे, असा प्रश्न घरातल्या तरुण मुलांना पडला असेल तर वाद घालण्याआधी हे प्रकरण वाचून दाखवा. वाद बराच निवळतो.

श्रद्धेचे खरे प्रश्न पाचव्या भागाच्या शेवटच्या, ३८व्या प्रकरणात आहेत. धर्मपिता सिरियस गेल्यावर हॅरी आधी निक नावाच्या भुताला गाठतो. निक म्हणतो, मी मरणाला भ्यालो म्हणून मागे राहिलो. पलीकडचं मला काहीच माहीत नाही. नंतर शाळेतली ल्यूना भेटते. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. आई पुन्हा भेटणार, याबद्दल तिला शंकाच नाही. दोघांपैकी बरोबर कोण, हे पुस्तक सांगत नाही.

इथे वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात पुस्तकात घडलं तेवढंच, दुसऱ्यात पात्र काय मानतं, तिसऱ्यात तुम्ही काय मानता. तिसरा रिकामा राहिला तर राहू द्या. रकाने न आखता बोलायला बसलं की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतं, 'म्हणजे हे आपल्या आत्म्यासारखंच!' आणि चर्चा तिथेच संपते. साम्य शोधायचं असेल तर फरकापर्यंत जा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर काही इच्छा राहिली, असं आपल्याकडे मानतात. निक इच्छेपायी राहिलेला नाही, भीतीपायी राहिलाय. गेलेल्याला कशाने अडकल्यासारखं होत असेल, आणि आपल्याला कशाने? यावर दीड तासही पुरत नाही.

प्रत्येक प्रकरणासोबत आपल्या परंपरेतलं एखादंच पान ठेवा, अख्खा ग्रंथ नको. ल्यूनाच्या प्रकरणाशेजारी कठोपनिषदातला नचिकेत बसतो: मेल्यावर माणूस असतो असं काही म्हणतात, नसतो असं काही, हाच प्रश्न तो यमाला विचारतो. बौद्ध घरात आत्मा गृहीत धरून बोलू नका. मेलेल्या बाळासाठी, मरण न पाहिलेल्या घरातले मोहरीचे दाणे मागत दारोदार फिरलेल्या किसा गोतमीची कथा घ्या. सातव्या भागातल्या १६व्या प्रकरणात दोन थडग्यांवरच्या ओळी बायबलमधल्या आहेत, पण पुस्तक तसं सांगत नाही. पॉटर दांपत्याच्या थडग्यावरची ओळ करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, वचन २६ इथे सापडेल. शेवटचा शत्रू मरण, त्याचा नाश होईल, हे वाचून हॅरी आधी बिचकतो. त्याला ती शत्रूपक्षाची भाषा वाटते. त्याची मैत्रीण हर्मायनी वेगळा अर्थ सांगते. जादूच्या गोष्टी धर्माला धरून नाहीत असं कोणाला वाटत असेल, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, तर त्यांना पटवत बसू नका.

एकट्याने वाचवत नसेल तर चार ते सहा जण पुरे. मासुंदा तलावाची पाळ संध्याकाळी निरुपयोगी: गर्दी, हॉर्न, कोपिनेश्वराची घंटा. रविवारी सकाळी लवकर उपवन बरं, नाहीतर कोणाचा तरी हॉल. पहिल्या बैठकीत एवढंच ठरवा की रडणाऱ्याला कोणी गप्प करायचं नाही आणि 'जे होतं ते बऱ्यासाठी' हे वाक्य कोणी म्हणायचं नाही.

सातव्या भागातली २१वं, ३४वं आणि ३५वं ही प्रकरणं सगळ्यांत गाजलेली, आणि जपून द्यायची. २१व्यात तीन भावांची गोष्ट आहे, त्यातला एक भाऊ मेलेल्या प्रेयसीच्या ओढीने जीव देतो. ३४व्यात हॅरी मरणाकडे चालत जातो आणि मरण सोपं असतं, असं गेलेली माणसं त्याला सांगतात. ज्याच्या मनात 'मीही जावं' असं येतंय त्याच्या हातात ही पानं देऊ नका. त्याला सरळ विचारा, विचारल्याने विचार बळावत नाही. एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

दहाच्या आतल्या मुलांसाठी फक्त आरशाचं प्रकरण. 'आजी परत येईल का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा, 'झोपली आहे' म्हणू नका. मोठ्या मुलाने मृत्यू डोळ्यांसमोर पाहिला असेल तर पाचव्या भागातलं २१वं प्रकरण वाचून दाखवा: ज्यांनी मरण पाहिलंय त्यांनाच दिसणारे घोडे त्यात आहेत. अख्ख्या वर्गात ते फक्त तिघांना दिसतात. वाचून झाल्यावर मुलाला लगेच प्रश्न विचारू नका, दोन-चार दिवसांनी ते स्वतःच विषय काढेल.