प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा

प्रवेश परीक्षेची तयारी सुरू झाली की बहुतेक विद्यार्थी अवघड इंग्रजी शब्दांची एक लांबलचक यादी मिळवतात, प्रत्येक शब्दापुढे एकेक मराठी प्रतिशब्द लिहितात आणि ती वही वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत राहतात. या कष्टांच्या मानाने गुण फारसे मिळत नाहीत, कारण परीक्षेला शब्दाच्या सुट्या अर्थापेक्षा तो दिलेल्या वाक्यात नेमका बसतो की नाही याच्याशी अधिक कर्तव्य असते. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिच्यातून १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न वगळले गेले, २००५ मध्ये शब्दजोड्यांच्या साधर्म्याचे आणि २०१६ मध्ये सुट्या वाक्यांतील गाळलेल्या जागांचे. पुढे डिजिटल स्वरूपात गाळलेली जागा परत आली, पण ती छोट्या उताऱ्याच्या पोटात बसूनच.

म्हणून सुरुवात दुर्मीळ शब्दांपासून न करता, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांच्या दुसऱ्या अर्थापासून करावी, असे माझे मत आहे. ‘क्वॉलिफाईड’ म्हणजे पात्र, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु समीक्षकाने नाटकाची ‘क्वॉलिफाईड प्रेझ’ केली असे वाक्य आले, तर तेथे हातचे राखून केलेली स्तुती अभिप्रेत असते. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पादचारी; मात्र एखाद्याची लेखनशैली पेडेस्ट्रियन असेल, तर ती नीरस आणि सामान्य असते. ‘सँक्शन’ तर परवानगीही देतो आणि निर्बंधही लादतो. पर्यायांमध्ये पहिला, घाईने सुचणारा अर्थ आमिष म्हणून ठेवलेला असतो, आणि चांगले विद्यार्थीही गळाला लागतात ते येथेच.

वहीत शब्दाची नोंद करताना प्रतिशब्द शेवटी लिहावा. आधी तो शब्द जेथे भेटला ते मूळ वाक्य उतरवावे, मग त्याच्या सोबतीला सहसा कोणते शब्द येतात ते टिपावे आणि त्याचा सूर लिहावा. सुराकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘फ्रुगल’ आणि ‘पार्सिमोनियस’ हे दोन्ही शब्द कमी खर्च करणाऱ्यालाच लागतात, पण पहिला काटकसरी आहे आणि दुसरा चिक्कू. मराठीत आपण हा भेद क्षणभरही न अडखळता करतो. तोच कान इंग्रजीसाठी तयार करायचा आहे.

एक शब्द जवळून पाहू. ‘प्रिसिपिटेट’ हा क्रियापद म्हणून एखादे संकट अचानक ओढवून आणतो, विशेषण म्हणून उतावळा ठरतो आणि रसायनशास्त्रात द्रावणातून तळाशी बसणारा अवक्षेप होतो. हे तीन अर्थ वेगवेगळे पाठ केले तर त्यांची सरमिसळ होते. लॅटिनमध्ये मात्र ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘कापुट’ म्हणजे डोके. डोके पुढे करून कोसळणे हे त्यामागचे चित्र आहे. एकदा ते डोळ्यांपुढे आले की कोसळलेले संकट, धडपडत सुटलेला उतावळा माणूस, तळाशी उतरलेला साका आणि हवामानशास्त्रातील वर्षाव या अर्थाचा ‘प्रिसिपिटेशन’ हे सगळे एका धाग्यात येतात.

धातू आणि उपसर्ग शिकताना मराठी वाचकाला थोडी वडिलोपार्जित मदतही मिळते, कारण लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातील भाषा आहेत. ‘डेंटल’मध्ये दंत दिसतो, ‘नोव्हेल’मध्ये नव, ‘इग्नियस’मध्ये अग्नी आणि ‘नॉमिनल’मध्ये नाम. ग्रीक नकारदर्शक उपसर्ग तर आपल्याच नियमाने चालतो: मूर्तचे अमूर्त होते पण आदरचे अनादर होते, तसेच व्यंजनापूर्वी ‘अमॉर्फस’ आणि स्वरापूर्वी ‘अनार्की’. मात्र या युक्तीवर आंधळा विश्वास टाकू नये. ‘पेडेस्ट्रियन’मधला पाय आणि ‘पेडियाट्रिक’मधले मूल यांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘एनर्व्हेट’ जोम देत नाही, गळाठा आणतो. ‘नॉइसम’ गोंगाट करत नाही, दुर्गंधी पसरवतो. आणि ‘रेस्टिव्ह’ माणूस निवांत नसून बेचैन असतो. अशा फसव्या शब्दांसाठी वहीत वेगळे पान राखावे.

उजळणीबाबत एकच पथ्य कडक पाळावे: वाचायचे नाही, आठवायचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगटांवर स्वतःच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी आणि पुढचे अंतर वाढवत न्यावे. सेबास्टियान लाइटनर यांची पेट्यांची पद्धत यासाठी सोयीची आहे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला वाक्य व अर्थ लिहावा. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या पेटीत जाते आणि ती पेटी अधिक दिवसांनी उघडली जाते, तर चुकलेले कार्ड थेट पहिल्या पेटीत परत येते. कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणावे, नाहीतर “हे मला येतच होते” अशी स्वतःची समजूत घालणे फार सोपे असते. दिवसाला दहा नवे शब्द पुरेत, आणि आठवड्यातून एक दिवस नवा शब्द न घेता फक्त उजळणी करावी. या हिशेबाने तीन महिन्यांत साधारण पावणेआठशे शब्द होतात.

यादीबाहेरचे वाचन रोज अर्धा तास तरी हवे, आणि ते विज्ञान, इतिहास, समीक्षा अशा वेगवेगळ्या विषयांचे असावे. अनोळखी शब्द आला की लगेच शब्दकोश उघडू नये. आधी अंदाज लिहावा, मग पडताळावा.

प्रश्न सोडवताना पर्याय हाताने झाकावेत आणि गाळलेल्या जागी आपल्याला सुचेल तो साधा शब्द, मराठीतला असला तरी चालेल, मनात भरावा. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘यट’ यांसारखे शब्द दिसले की वाक्य वळण घेणार हे ओळखावे. अपूर्णविराम असेल तर पुढचा भाग बहुधा आधीच्याचेच स्पष्टीकरण करतो. त्यानंतर पर्याय उघडावेत आणि आपल्या शब्दाच्या सुराशी न जुळणारे आधी खोडावेत. दोन पर्याय उरले, तर प्रत्येक शब्द वाक्यात ठेवून ते वाक्य संपूर्ण वाचावे. केवळ अनोळखी आहे म्हणून एखादा पर्याय निवडूही नये आणि खोडूही नये.

शेवटच्या आठवड्यात नवे शब्द बंद करून फक्त पहिल्या पेटीत अडकलेली कार्डे घ्यावीत, आणि जी तेथेही हटत नाहीत त्यांच्यासाठी जुने वाक्य खोडून स्वतःचे नवे वाक्य लिहावे.