शंभर पोरांच्या वर्गात "समजलं का?" विचारू नका, मत घ्या

आपण सगळेच करतो हे. फळ्यावर डेरिव्हेशन संपलं की वळून विचारायचं, समजलं का? पहिल्या बाकावरच्या चौघी माना डोलावतात, मागून कोणीतरी "हो मॅडम" म्हणतं आणि आपण पुढे. मी फिजिक्स शिकवते, एफवायला ११० पोरं, आणि कित्येक वर्षं ह्या "हो मॅडम"वर विश्वास ठेवून नंतर पेपर तपासताना कपाळाला हात लावलाय.

मला लागू पडली ती हार्वर्डच्या फिजिक्सच्या एरिक माझूर सरांची पद्धत, पीअर इन्स्ट्रक्शन, म्हणजे पोरांनीच एकमेकांना समजावायचं. तेही १९८४ पासून तिथे शिकवत होते, पोरं खूश होती, आणि १९९० च्या सुमारास त्यांनी न्यूटनच्या नियमांवर आकडेमोड नसलेली एक साधी टेस्ट दिली तर कोणीतरी विचारलं की सर, तुम्ही शिकवलं तसं लिहू की मला वाटतं तसं? (हार्वर्डमध्येपण हेच, वाचून मला जाम बरं वाटलं.)

करायचं काय, तर तासाला एक, फार तर दोन प्रश्न. माझा आवडता: एसटी आणि स्कूटी समोरासमोर धडकल्या, जास्त बल कोणावर? अ) स्कूटीवर, ब) एसटीवर, क) दोघींवर सारखंच, ड) वेग कळल्याशिवाय सांगता येणार नाही. न्यूटनचा तिसरा नियम (क्रिया तितकीच प्रतिक्रिया) तोंडपाठ असलेली पोरंसुद्धा बिनधास्त "अ" म्हणतात, कारण चुराडा स्कूटीचा होतो ना. बल सारखंच असतं, वस्तुमान कमी म्हणून स्कूटीचा वेग जास्त बदलतो, पण हे मी सांगून उपयोग नाही, ते त्यांचं त्यांना भांडून सापडायला पाहिजे.

म्हणून प्रश्न फळ्यावर लिहिला की एक-दीड मिनिट पूर्ण शांतता. कुजबुजपण नाही. मग मत. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा करून काही होत नाही, आपणच नीट शिकवलेलं नाही, परत समजवा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यात आटपून पुढे जा. मधे असतील तर मजा, "ज्याचं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं आहे असा माणूस शोध आणि त्याला पटव" एवढंच सांगायचं, २-३ मिनिटं वर्गाचा मासळी बाजार होऊ द्यायचा आणि परत मत घ्यायचं. पहिल्या मताचा तक्ता मात्र स्क्रीनवर दाखवू नका हां, सगळ्यात उंच खांब दिसला की दुसऱ्या वेळी सगळी जत्रा तिकडेच. शेवटी चुकीचे पर्याय का चुकीचे तेही बोला.

चुकीचे पर्याय आणायचे कुठून? गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून. आपण बसून बनवलेली चूक कोणी निवडत नाही, पोरांनी खरोखर केलेली चूक अर्धा वर्ग निवडतो. कॉमर्सवाले घसारा (वापराने वस्तूची घटणारी किंमत) घेऊ शकतात, घसाऱ्याची एंट्री मारली की बँकेतली शिल्लक कमी होते का? विचारून बघा एकदा.

आता मत घ्यायचं टूल. मी सुरुवातीला हौसेने ऑनलाइन मताची लिंक पाठवली होती, कॉलेजचं वायफाय झोपलेलं, निम्म्यांचा डेटा संपलेला, बाकीचे इन्स्टावर, २० मिनिटं गेली आणि प्रश्न राहिलाच. त्यामुळे पहिले १५ दिवस साधा कागद वापरा. एफोरची चार भागांत घडी, प्रत्येक भागावर मोठं अक्षर, "तीन" म्हटलं की सगळ्यांनी एकदम छातीशी धरायचा. अंदाज लगेच येतो.

४०-५० चा वर्ग असेल तर प्लिकर्स घ्या, हे छापील कार्डं मोबाईलने वाचणारं ॲप आहे. कार्डं फुकट डाउनलोड होतात, प्रत्येक कार्डावरची क्यूआरसारखी खूण वेगळी, पोराने निवडलेलं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं आणि आपण मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. पोरांकडे फोन नसला तरी चालतं, आणि अक्षरं बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा प्रकाश परततो आणि कार्ड स्कॅन होत नाही (माझे पैसे गेले ह्यात). कार्डांचा संच ४० किंवा ६३ चा येतो म्हणून ११० मध्ये मी बाकाला एक कार्ड देते, म्हणजे एकट्याने विचार करायचा भाग थोडा पातळ होतो, इलाज नाही.

नेट बरं असेल तर गुगल फॉर्म. रोज नवा बनवायची गरज नाही, दोनच कायमचे फॉर्म ठेवा, "पहिलं मत" आणि "दुसरं मत", आत फक्त अ ब क ड, प्रश्न फळ्यावर. दोन्हींचे क्यूआर छापून दारामागे आणि बाकांवर चिकटवा, तास संपला की जुनी उत्तरं डिलीट. ईमेल गोळा करणं बंद ठेवा आणि बरोबर उत्तराला मार्क देऊ नका, मार्क आले की चर्चा संपते, कॉपी सुरू होते.

पोर्शनचं काय, हे सगळेच विचारतात. आमचा तास ४८ मिनिटांचा, त्यात हजेरीत ५-६ जातात, मग एक प्रश्न म्हणजे ८ मिनिटं. मी डेरिव्हेशनच्या मधल्या पायऱ्या फळ्यावर लिहिणं सोडलं, त्याचा पीडीएफ आदल्या रात्री ग्रुपवर टाकते आणि खाली एकच ओळ, कुठे अडलात ते लिहा. सातआठ जण लिहितात. त्यातूनच दुसऱ्या दिवशीचा प्रश्न निघतो.